टीबीच्या गोळ्या चालू आहेत, पण वजन वाढतंय का?

झारखंडमधील मोठ्या अभ्यासाने दाखवले: पेशंटच्या घरात धान्य-डाळ पोहोचली की घरातल्या इतरांना होणारा टीबी कमी होतो

टीबीचा पेशंट दोन महिन्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. ताप गेलेला असतो, खोकला कमी झालेला असतो. बेडका तपासायला दिला जातो, पुढच्या गोळ्या हातात पडतात. "एकही दिवस चुकवू नका बरं का," असे सांगून पेशंटला घरी पाठवले जाते. कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर त्याला उभे करायचे मात्र कधी कधी राहून जाते. घाई असते, रांग असते आणि "औषध लागू पडलंय ना, मग झालं" अशी समजूतही असते.

दोन महिन्यांनंतरचे हे वजन बेडक्याच्या रिपोर्टइतकेच जपून पाहायला हवे, असे भारतातच झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले आहे. या अभ्यासाचे नाव 'राशन्स'. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये 'द लॅन्सेट' आणि 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकांत आले. अभ्यास झारखंडचा असला तरी त्यातला प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक वाडीवस्तीला लागू आहे. घरात एकाला टीबी झाला, तर त्याच्या ताटाचे काय? आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या लेकरांच्या ताटाचे काय?

झारखंडमध्ये नेमके काय केले?

मंगळुरूच्या येनेपोया मेडिकल कॉलेजमधील डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने हा अभ्यास झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था त्यात सोबत होत्या. झारखंडच्या ४ जिल्ह्यांतील २८ क्षयरोग युनिट निवडण्यात आली. ऑगस्ट २०१९ ते जानेवारी २०२१ या काळात फुप्फुसाचा टीबी झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे अभ्यासात घेण्यात आली. जुलै २०२२ पर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. मधे कोरोना येऊन गेला, तरीही काम थांबले नाही.

प्रत्येक रुग्णाला नेहमीच्या सरकारी गोळ्यांबरोबर महिन्याला १० किलोची शिधा-टोपली मिळाली. त्यात ५ किलो तांदूळ, ३ किलो सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा लिटर तेल होते. जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्या. यातून रुग्णाला रोज सुमारे १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने जास्तीची मिळत होती.

फरक होता तो घरातल्या इतर माणसांच्या बाबतीत. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे युनिटचे दोन गट करण्यात आले. एका गटात घरातल्या माणसांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटातील कुटुंबे नेहमीचेच जेवण जेवत होती. मग दोन्हीकडे किती जणांना नव्याने टीबी होतो, ते पाहण्यात आले.

निकाल काय आला?

ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने होणाऱ्या टीबीचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. बेडक्यातून दुसऱ्याला लागण करू शकणारा, म्हणजे फुप्फुसाचा खात्रीशीर टीबी ४८ टक्क्यांनी कमी झाला. कुठलीही नवी लस नाही, महागडे औषध नाही. तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाची गोळी, एवढेच.

हिशेब मांडायचा तर साधारण ३० कुटुंबांना, म्हणजे १११ माणसांना असा शिधा दिला की टीबीचा एक नवा पेशंट टळतो. २०१९ च्या किमतीनुसार रुग्णाच्या टोपलीचा खर्च महिन्याला सुमारे १३ डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या आत होता. घरातील माणसामागे सुमारे ४ डॉलर, म्हणजे तीनशे रुपयांच्या आत.

दुसरा निष्कर्ष रुग्णांबद्दलचा. उपचार सुरू करताना यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त रुग्णांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते. जवळपास निम्मे तर अतिकुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. वजनात १ टक्का वाढ झाली तरी धोका सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसला.

आणि हेही ध्यानात घेण्यासारखे आहे: सहा महिन्यांत रुग्णांचे वजन सरासरी साडेचार किलोच्या आसपास वाढले, तरी निम्म्याहून जास्त जण उपचार संपताना कमी वजनाचेच होते. म्हणजे खड्डा किती खोल होता, ते कळते.

उपाशी शरीर आणि टीबीचे जंतू

टीबीचा जंतू हवेतून येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जंतू शरीरात गेला म्हणजे लगेच आजार झाला, असे नसते. बहुतेकांच्या शरीरात तो दबून बसतो. लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. जंतूला दाबून ठेवण्याचे काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. अंगात ताकद नसेल, प्रथिने कमी पडत असतील, तर हा पहारा ढिला पडतो आणि जंतू डोके वर काढतो.

याआधीच्या अभ्यासांतही हे दिसले होते. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा म्हणजे बीएमआय. बीएमआय एका अंकाने घसरला की टीबीचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असे २०१० मध्ये मांडण्यात आले होते. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ग्रामीण दवाखाना चालवते. तिथे २००४ ते २००९ या काळात आलेल्या टीबी रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा पुरुषांचे मधले वजन ४२ किलो आणि बायकांचे ३४ किलो निघाले. ३४ किलो म्हणजे साधारण दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे वजन.

आजार झाला की हे चक्र आणखी जोरात फिरते. भूक मरते, ताप अंगातले मांस खातो, कामावर जाता येत नाही, रोज बुडतो, घरात येणारे धान्य कमी होते. मग घरातल्या दुसऱ्याची ताकद कमी होते. "एकाच घरात तीन-तीन जणांना टीबी" ही गोष्ट गावोगाव ऐकू येते, तिच्यामागे फक्त जंतू नसतो. रिकामा डबाही असतो.

मग इतकी वर्षे अन्नाचा विसर का पडला?

औषधे नव्हती तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच टीबीवरचा उपचार होता. त्यासाठी सॅनेटोरियम होती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे नाव जुन्या माणसांना त्यामुळेच आठवते.

१९५६ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एक महत्त्वाचा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच गोळ्या दिल्या. घरी राहणाऱ्यांचे जेवण निकस होते, घरे दाटीवाटीची होती. तरीही वर्षभर गोळ्या घेतल्यावर दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर टीबीचा उपचार घरबसल्या होऊ लागला. गरिबांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. घर सोडून वर्षभर सॅनेटोरियममध्ये पडून राहणे कुणाला परवडणार होते?

पण त्यातून एक समजूतही रुजली: गोळ्या असल्या की पुरे, जेवण काहीही चालेल. मद्रासच्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न होता, उपचार घरी चालेल का? रुग्ण पुन्हा उभा राहून कामाला कधी लागेल, घरातल्या उपाशी माणसाचे पुढे काय होईल, हे प्रश्न मागे पडले. झारखंडच्या अभ्यासाने ते पुन्हा समोर आणले. गोळ्यांना पर्याय नाही, पण नुसत्या गोळ्या पुरत नाहीत.

वजनकाट्याचा साधा हिशेब

समजा, ऊसतोडीवरून परतलेल्या एका मजुराला टीबी निघाला. उंची १६२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांहून थोडी जास्त. वजन ४२ किलो. त्याचा बीएमआय येतो १६. साडेअठराच्या खाली म्हणजे कुपोषण आणि सोळाच्या खाली म्हणजे अतिकुपोषण. हा माणूस अगदी काठावर उभा आहे.

४२ किलोचे ५ टक्के म्हणजे २ किलो १०० ग्रॅम. दोन महिन्यांनी काटा ४४ किलोच्या पुढे गेला, तर गाडी रुळावर आहे असे समजावे. ४२ वरच अडकला किंवा ४१ झाला, तर "खोकला कमी आहे ना" म्हणून गप्प बसू नये. गोळ्या नीट घेतल्या जातात का, उलट्या होतात का, मधुमेह तर नाही, औषधाला न जुमानणारा टीबी तर नाही, दारू चालू आहे का, आणि मुळात घरात खायला आहे का, असे सगळे प्रश्न तिथेच विचारायला हवेत. त्याचे धड वजन साडेअठ्ठेचाळीस किलोच्या वर असायला हवे. म्हणजे दोन महिन्यांचा टप्पा ही फक्त सुरुवात आहे.

वजनाचा दुसरा उपयोगही आहे. टीबीच्या गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलो वजनासाठी रोज ३ गोळ्या, ५० ते ६४ किलोसाठी ४ गोळ्या असे गट आहेत. वजन वाढून माणूस वरच्या गटात गेला की डोस बदलावा लागतो. तो निर्णय डॉक्टरांचा. पण वजनच केले नाही, तर डॉक्टरांना कळणार कसे?

ताटात काय असावे?

अभ्यासातल्या ५२ ग्रॅम जादा प्रथिनांचे आकडे ऐकून "हे काय आपल्या घरात व्हायचं?" असे वाटू शकते. पण आपल्याकडच्या जिनसांतही ते बसते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम फुटाण्यांत किंवा भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठात सुमारे २० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीच्या उसळीत ६ ते ७ ग्रॅम.

म्हणजे नेहमीच्या भाजी-भाकरीशिवाय दोन अंडी, दोन पेले दूध, मूठभर शेंगदाणे आणि दिवसभरात थोडे-थोडे करून १०० ग्रॅम फुटाणे घेतले, की बेरीज पन्नासच्या आसपास जाते. अंडी खात नसतील तर उसळ, डाळ, दही वाढवावे. कोकणात किंवा नदीकाठी सुकट-मासळी असेल तर उत्तमच. भाकरीवर चमचाभर तेल किंवा तूप घातले की कॅलरी वाढतात.

भूक नसते तेव्हा भरलेले ताट समोर आले की नको वाटते. अशा वेळी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे-थोडे द्यावे. 'टॉनिक'च्या बाटलीवर आणि डब्यातल्या महाग पावडरीवर शेकडो रुपये घालवण्यापेक्षा तेच पैसे अंडी, डाळ, शेंगदाण्यांवर गेलेले बरे. टीबीबरोबर मधुमेह असेल, तर काय आणि किती खायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बीएमआय १४ च्याही खाली असेल, उभे राहता येत नसेल, पायावर सूज असेल, तर घरच्या घरी खाऊ घालत बसू नये. अशा रुग्णाला दाखल करावे लागते, कारण फार उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर तेही जिवावर बेतू शकते.

सरकारकडून काय मिळते?

टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी पैसे देणारी 'निक्षय पोषण योजना' एप्रिल २०१८ पासून चालू आहे. आधी महिन्याला ५०० रुपये मिळत, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. सहा महिन्यांच्या उपचारासाठी ६,००० रुपये होतात. ते ३,००० रुपयांच्या दोन हप्त्यांत थेट बँक खात्यावर जमा होतात. पहिला हप्ता नोंदणीनंतर, दुसरा ८४ दिवसांचे उपचार झाल्यावर. खासगी दवाखान्यात उपचार घेणाऱ्यालाही हा लाभ आहे. त्यासाठी डॉक्टरांनी रुग्णाची नोंद सरकारकडे करावी लागते आणि ही नोंद २०१२ पासून सक्तीची आहे.

बीएमआय साडेअठराच्या खाली असलेल्या रुग्णांना पहिले दोन महिने जास्त ऊर्जा देणारा पूरक आहार द्यायचा, असा निर्णयही २०२४ मध्ये झाला. पण इथे पुन्हा गाडी वजनकाट्यावरच येते. उंची आणि वजन कागदावर नसेल, तर हा रुग्ण यादीत बसणार कसा?

सप्टेंबर २०२२ पासून 'निक्षय मित्र' ही सोयही आहे. गावातली संस्था, कारखाना, मंडळ, पतसंस्था किंवा एखादी व्यक्तीही रुग्णाला दरमहा पोषण आहाराची टोपली देण्याची जबाबदारी घेऊ शकते. २०२४ पासून घरातल्या इतर माणसांनाही अशी टोपली देता येते. झारखंडच्या अभ्यासाचा धडा नेमका हाच आहे. रुग्णाची टोपली घरात आली की ती एकट्याच्या ताटात जात नाही. लेकरांसमोर दूध एकट्याने प्यायचे, हे कुठल्या आईला जमेल? घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईलाच टीबी असेल, तर तिच्या वाट्याला काय उरते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून शिधा कुटुंबाचा हवा.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळते. त्याने पोट भरते, पण डाळ त्यात नियमाने येत नाही. कमी पडते ती तीच.

डॉक्टरांनी लक्षात घ्यायची बाजू

अभ्यासातले दोन आकडे एकाच वजनाचे नाहीत. घरातल्या माणसांमध्ये टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, ही तुलना गट पाडून केलेली आहे. त्यामुळे तो फरक शिध्यामुळे पडला, असे ठामपणे म्हणता येते. रुग्णांच्या मृत्यूचे तसे नाही. टोपली दोन्ही गटांतल्या रुग्णांना मिळाली होती. ज्यांचे वजन लवकर वाढले ते जास्त वाचले, एवढे दिसते. ज्यांचा आजार मुळात सौम्य होता, त्यांचेच वजन लवकर वाढले असेल, हीही शक्यता उरते. तरीही वजन न वाढणे ही धोक्याची घंटा आहे, एवढे नक्की. ती ऐकायला फक्त काटा लागतो.

दुसरे असे की, झारखंडच्या त्या भागात कुपोषण फार होते. जिथे घरोघरी खायला पुरेसे आहे, तिथे इतकाच फायदा दिसेल असे नाही. शिवाय शिधा दिला म्हणून घरातल्यांची तपासणी आणि टीबी होऊ नये म्हणून दिले जाणारे प्रतिबंधक औषध टाळून चालणार नाही. दोन्ही बरोबरच चालले पाहिजे.

पेशंटच्या घरच्यांनी हे करावे

• उपचार सुरू होताना वजन आणि उंची मोजून घ्यावी आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहून घ्यावेत.

• दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करावे. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत काटा असतो, आशाताईंना सांगावे.

• दोन महिन्यांत वजन ५ टक्के वाढले नाही, तर डॉक्टरांना आपणहून सांगावे.

• पोषणाचे पैसे आले का, ते पासबुकात पाहावे. आले नसतील तर आधार आणि बँक खाते जोडले आहे का, हे टीबी सुपरवायझरकडे विचारावे. निक्षय संपर्क हेल्पलाइन १८००-११-६६६६ वरही विचारता येते.

• घरातल्या प्रत्येकाची, लहान मुलांची आधी, तपासणी करून घ्यावी.

• बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. वजन वाढले म्हणूनही नाही.

जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी जवळपास एक भारतात आहे. त्यांच्यासाठी औषध गावापर्यंत पोहोचले आहे आणि ते फुकट आहे. आता पुढच्या वेळी गोळ्यांचे पाकीट हातात देण्याआधी पेशंटला दोन मिनिटे काट्यावर उभे करावे आणि "घरी काय शिजतंय?" एवढे विचारावे. झारखंडमधली घरे सांगतात, त्या उत्तरावर त्या घरातला पुढचा पेशंट अवलंबून असतो.